गजभिये दादांचा लाल वॉशर

गजभिये दादा नट कधी एकटा पास करत नसत. मापाच्या गेजवर तो बरोबर बसलेला असे, आटे स्वच्छ दिसत, बाकीच्यांनी मान डोलावलेली असे, तरी ते तो तळहातावर घेऊन विचारत, "याचा बोल्ट कुठं हाये?" मग बोल्ट शोधून आणावा लागे. दादा डोळे मिटत आणि नट त्या बोल्टवर अगदी शेवटपर्यंत फिरवत. डोळे मिटायचं कारण एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "उघडे ठेवले तर मन आधीच ठरवून टाकते का बरोबर हाये. बोटाले ठरवू दे न."

जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ते इन्स्पेक्शन सेक्शनचे चार्जमन होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. जवळच्याच शहपुऱ्याच्या सरकारी शाळेत शिकलो, वडील तिथल्याच मंडीत मटाराची पोती उचलत, आणि आमच्या घरात पदवीचा कागद भिंतीवर लावणारा मी पहिला. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ करून त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि गाव ऐकून एकदम खूश झाले. "शहपुऱ्याचा? मग हिवाळ्यात रिकाम्या हातानं येऊ नको." त्या दिवसापासून माझं नाव शहपुरा पडलं. सेक्शनमध्ये अजूनही काही जण मला त्याच नावानं हाक मारतात आणि मी ओ देतो.

दादांचे आईवडील भंडाऱ्याकडून इकडे आले होते. दादा जन्मले जबलपुरात, शाळा हिंदीत, घरातली भाषा मराठी. त्यामुळे ते एका वाक्यात दोन्ही भाषा वापरत आणि रागावले की फक्त मराठी. खिशात एक छोटं लोहचुंबक असे. बोलता बोलता ते टेबलावरून फिरवत, लोखंडाचा कीस गोळा करत, मग पुसून टाकत. त्यांना एका गोष्टीचा भयंकर तिटकारा होता. कोणी म्हणालं, "दादा, चालून जाईल," की ते चष्मा कपाळावर चढवत. "चालून जाईल म्हणजे कुठं जाईल? सांग न बे, कुठं जाईल? तोफेत जाईल. तोफेमागं पोरगा उभा राहील. तो चालून जाईल का?" त्या पोराचं चित्र डोळ्यांसमोर आलं की माणूस मुकाट्यानं तुकडा परत घेऊन जाई.

मला सभेत बोलायची भीती वाटे. साहेबांपुढे शब्द अडकत. दादा मुद्दाम प्रत्येक मीटिंगमध्ये मला शेजारी बसवत आणि अर्ध्यात म्हणत, "हे आमचा शहपुरा सांगेल." आणि खरंच गप्प बसत. मी घामानं ओला होऊन चार वाक्यं बोले. एकदा बाहेर आल्यावर तक्रार केली तर हसले. "पाण्यात ढकलल्याशिवाय कोण शिकते? पण पाहिलं न, मी काठावरच होतो." आज मी तीस माणसांसमोर उभा राहून बोलतो, तेव्हा तो काठावरचा माणूस मला दिसतो.

आमच्या सेक्शनमध्ये दिवसभर लोखंडी स्टुलावर बसायचं काम. त्यामुळे मूळव्याध हा आमच्याकडे आजार नव्हता, तो नोकरीचाच एक भाग होता. जेवणाच्या सुट्टीत भाजी कोणाची चांगली याच्या आधी मलम कोणतं चांगलं ही चर्चा होई. एकाकडे इसबगोल, एकाकडे त्रिफळा, एक जण बसस्टँडजवळच्या खात्रीशीर इलाजवाल्याची पुडी आणे आणि सगळ्यांना वाटे. नव्या माणसाची चेष्टा ठरलेली: "झाली का मूळव्याध, बाप्पा? नाही? मग अजून पर्मनंट नाही झाला तू."

दादांना रक्त जाऊ लागलं तेव्हा त्यांनीही तीच पुडी घेतली. हसत सांगितलं, "घ्या, आता मी पक्का सरकारी." एक ऋतू गेला, दुसरा गेला. दादा स्टुलावर एका बाजूला कलून बसू लागले. मी म्हटलं, "दादा, एकदा डॉक्टरला दाखवा न." ते लोहचुंबक फिरवत म्हणाले, "चालून जाईल." दोघांनाही तो शब्द ऐकू आला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. मान खाली घातली.

शेवटी आंघोळ करताना त्यांच्याच हाताला गुदद्वाराशी गाठ लागली. सिव्हिल लाइन्समध्ये एक सर्जन बाई बसत. मोजकं बोलणाऱ्या, हिंदीभाषक. त्यांनी तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर सरळ सांगितलं, "गजभियेजी, यह बवासीर नहीं है. कैंसर है, पर समय पर आए हैं. ठीक हो सकता है." मग बाईंनी एक प्रश्न विचारला, तो दादांनी मला दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सांगितला: "पत्नी को कभी कुछ हुआ था?"

झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी शकूकाकूंच्या, म्हणजे दादांच्या पत्नीच्या, गर्भाशयाच्या तोंडावर खराबी निघाली होती आणि पिशवी काढावी लागली होती. सगळ्यांनी सुटलो म्हटलं होतं. बाईंनी समजावलं की दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी बहुतेक एकच विषाणू असतो, एचपीव्ही त्याचं नाव. नवराबायकोच्या संबंधांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि शरीराच्या त्या सगळ्या भागात पसरू शकतो. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, पण काहींच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. जिला आधी असं काही झालं आहे तिला या जागेच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो, आणि तिच्या नवऱ्यानंही सावध राहायला हवं. सरसकट सगळ्या नवऱ्यांना बोलावून तपासायची पद्धत नाही. पण रक्त दिसलं तर मूळव्याध म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि काकूंना एकदा दाखवायला आणा.

हे सगळं दादांनी स्टुलावर बसून, हातात एक नट घेऊन सांगितलं. मग म्हणाले, "शहपुरा, हद्द झाली. एक तुकडा खराब निघाला तेव्हा त्याचा जोडीदार तपासावा, हे मी अख्ख्या सेक्शनले शिकवलं. अन् माझ्या घरात?" नट टेबलावर ठेवला. "चलो. आता माझं मी पाहून घेतो. मले तिची चिंता हाये. तिले नेलंच पाहिजे."

काकू मात्र हलल्या नाहीत.

दादांना रेडिएशनचे शेक आणि केमोची सलाईन सुरू झाली. ऑपरेशन लागलं नाही, पण कातडी भाजल्यासारखी झाली. बसणं मुश्किल. कोणीतरी त्यांना हवा भरायची रबरी गादी आणून दिली, लाल रंगाची, मधे मोठं भोक असलेली. दादांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि जाहीर केलं, "वॉशर हाये हा. नट आला, बोल्ट आला, वॉशरच राहिला होता." त्यानंतर वॉशर त्यांच्या खांद्याला लटकू लागला. दुकानात, बँकेत, लग्नात. कोणी पाहिलं की स्वतःच सांगत, "बसायच्या जागेचा कॅन्सर. इलाज चालू हाये. तुम्ही रक्तबिक्त पाहून घेत जा." ऐकणारा दुसरीकडे बघे. दादा निवांत वॉशर ठेवून त्यावर बसत.

मी जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी जाई तेव्हा काकू पाटोड्यांची भाजी वाढत आणि आत निघून जात. एके दिवशी मला दिसलं की काकूंचा पाण्याचा ग्लास वेगळा आहे. खिडकीत एकटा ठेवलेला. ताटही वेगळं, साबणाची वडीसुद्धा. कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यामुळे यांना झालं, आता आणखी काही व्हायला नको, म्हणून त्यांनी स्वतःलाच बाजूला काढून ठेवलं होतं. दादा माझ्याशी कारखान्याच्या गप्पा मारत उठले, खिडकीतला तो ग्लास उचलला, माठातून भरला, घटाघटा प्यायले आणि परत तिथंच ठेवला. आतून काकू म्हणाल्या, "तो माझा हाये जी."

"पाणी गोड लागते त्यातलं," दादा म्हणाले आणि मला पुढे विचारलं, "हं, मग नवीन मशीनचं काय झालं?"

त्याच दिवसांत काकूंचा भाऊ आला. सुरेश त्याचं नाव, बालाघाटचा. नात्यात कुजबुज पोचली होती: संबंधातून होणारा रोग, म्हणजे कोणीतरी कुठंतरी शेण खाल्लं. मी मटार घेऊन गेलो होतो, दारातच ऐकू आलं.

"भाऊजी, काहून माझ्या बहिणीले बदनाम करून राहिले तुम्ही? तो टायर गळ्यात घालून गावभर सांगता. लोक विचारतात, कोणापासून कोणाले झालं."

"अच्छा. मग तू काय सांगतोस?"

"मी काय सांगू! सांगा न तुम्हीच. कोणी आणला?"

दादा वॉशरवर शांत बसले होते. "डॉक्टरीणबाईले विचारलं मी. त्या म्हणाल्या, ते कोणालेच समजत नाही. लग्नाच्या आधीचाही असू शकते, पंचवीस-तीस वर्षं झोपलेलाही असू शकते. हा विषाणू चांगल्या चालीच्या माणसालेही भेटते, जवळपास सगळ्यांलेच कधी न कधी भेटते. पण तुले नाव पाहिजे न? घे. मी आणला. सांग सगळ्यांले, गजभियेनं आणला. झालं समाधान? आता तुझ्या बहिणीले म्हण का एकदा दवाखान्यात चल."

स्वयंपाकघराचा पडदा सरकला आणि काकू बाहेर आल्या. इतकी वर्षं मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "खोटं बोलून राहिले हे. सुरेश, यांच्या नावावर काही टाकू नको. चहा पी अन् गाडी पकड."

सुरेश चहा पिऊन गेला. दादांना वाटलं, आता जमलं. "मग उद्या जाऊ का?" काकूंनी कपबशा उचलल्या. "माझी पिशवी गेली तेव्हाच सगळं गेलं. ती जागा दाखवाले पुन्हा बाईसमोर झोपणं, मले नाही जमत. बास." पडदा पुन्हा ओढला गेला. दादांनी मटाराची शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि मला हळूच म्हणाले, "गोड हाये या वर्षी." पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्या अंगठ्याला पहिल्यांदा एखादा आटा अडकला होता आणि जोर लावून चालणार नव्हतं. जोर लावला की आटे मोडतात, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

शेक संपले. गाठ विरघळली. बाई म्हणाल्या, आता नियमानं तपासायला येत राहायचं. त्यानंतरच्या एका रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर दादांनी कमिटीकडे दोन मिनिटं मागितली. पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉशर ठेवला, बसले, आणि बसूनच बोलले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा," दादा म्हणाले. "मीही हसत होतो. आमच्या सेक्शनमध्ये रक्त आलं का आम्ही हसत होतो. मग मले कॅन्सर निघाला. ज्यांच्या घरी बाईले पिशवीच्या तोंडाचं दुखणं झालं असेल, त्यांनी दोघांनीही ध्यान द्या. बाईनं आधी. रक्त, खाज, गाठ, काही असो, पुडी खाऊ नका, दाखवा. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते, तर निघू द्या, आनंदानं घरी या. अन् लस असते. पोरींले देता तशी पोरांलेही द्या, वेळेवर. डॉक्टरले विचारा. अन् कोणी आणला हे विचारू नका. ते विचारण्यात माझ्या घरचे किती दिवस गेले."

बायकांच्या रांगेतून काकू उठल्या होत्या आणि मागच्या स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. दादांनी ते पाहिलं. परतताना स्कूटरवर ते मला म्हणाले, "बिघडवलं वाटते मी."

मागे स्वयंपाकघरात काय घडलं ते काकूंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या खिरीच्या पातेल्याजवळ तोंड फिरवून उभ्या होत्या. रेल्वेतल्या एकाची बायको, मालती, भांडी घासायच्या निमित्तानं जवळ आली आणि नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड म्हणाली, "शकूताई, मले दोन वर्षांपासून रक्त जाते. घरी सांगितलं नाही. मी दाखवीन, पण एकटी नाही जात. तू चाल न संगं."

काकू मला म्हणाल्या, "आता तिले नाही कसं म्हणू? घाबरली होती बिचारी."

असं आम्ही सगळे सिव्हिल लाइन्सला गेलो. मालती आणि काकू ऑटोनं, मागे स्कूटरवर दादा आणि मी. दादांना कोणी बोलावलं नव्हतं. "माझीही तारीख जवळच हाये," असं ते म्हणाले, तेही कोणी विचारलेलं नसताना. बाहेरच्या बाकावर वॉशर ठेवून ते बसले. मालती आत गेली, काकू दाराशी पिशव्या धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मालती बाहेर आली ती रडत आणि हसत. मूळव्याधच होती. साधी, आमच्या सेक्शनमधली मूळव्याध. "चाल शकूताई, जिलेबी खाऊ," ती म्हणाली.

काकूंनी पिशव्या सावरल्या. मला वाटलं, आता जातात. मी दादांकडे पाहिलं. ते काही बोलतील, अडवतील, निदान आठवण करून देतील. त्यांनी डोळे मिटले होते. अंगठा तर्जनीवर ठेवलेला, अगदी नट धरावा तसा, आणि मान किंचित तिरपी. ते ऐकत होते.

"धर," काकूंचा आवाज आला. पिशव्या मालतीच्या हातात गेल्या. "मीही दाखवून येते."

दार लागल्याचा आवाज झाल्यावरच दादांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून लोहचुंबक काढलं आणि बाकावर, जिथं लोखंडाचा कणही नव्हता, तिथं फिरवत बसले.

काकूंना वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि पदर घट्ट धरला होता. दादा उठून उभे राहिले आणि वॉशर त्यांच्याकडे सरकवला. "बस."

"मले काय झालं बसाले?"

"बस न. गरम हाये जागा."

काकू बसल्या. एवढे दिवस ज्याच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या, त्या लाल रबरावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरा हाये की."

काकूंच्याही बसायच्या जागी पेशींत सुरुवातीचा बदल निघाला. कॅन्सर नव्हे, पण सोडून दिला असता तर पुढे होऊ शकणारा. बाईंनी छोट्या उपचारानं ती जागा जाळून टाकली आणि दोघांनाही तपासणीला येत राहायला सांगितलं. खिडकीतला ग्लास कधी आत मांडणीवर गेला ते मला कळलं नाही. एका खेपेला पाहिलं तर सगळे ग्लास सारखेच होते.

माझ्या मुलीला लस द्यायची वेळ आली तेव्हा मी मुलाचंही विचारलं. दोघांना दिली. दादांना फोन करून सांगितलं तर पलीकडून उत्तर आलं, "पास."

दादा रिटायर झाले आणि काही महिन्यांनी मुलीकडे नागपूरला राहायला गेले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गोरखपुरात, त्यांच्या गल्लीत. थंडीची सकाळ होती. मी शहपुऱ्याहून मटार घेऊन आलो होतो आणि ते दोघं स्कूटरवर निघाले होते. दादा पुढे, मफलर गुंडाळून. मागे काकू, मांडीवर पिशवी आणि वॉशर हातात कोपरापर्यंत चढवलेला, एखादी जाड लाल बांगडी घालावी तसा. मटार त्यांनी तसेच पिशवीत ओतून घेतले. समोरच्या गच्चीवरून शेजारीण वाकली आणि ओरडून विचारलं, "अरे वा, सुबह-सुबह जोड़ी से कहाँ चले?"

मी दादांकडे पाहिलं. दादा किक मारायला पाय उचलून थांबले होते.

काकूंनी मान वर केली. "तपासणीले," त्या तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या. "बसायच्या जागेच्या. दोघंही. तू कधी गेली होती का?"

दादांनी किक मारली.